अनुभव धागा: घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळताना कुठल्या गटाचा, वर्गाचा, केंद्राचा आधार मिळाला?

आई ७८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं, आणि त्याआधीची दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी 'वय झालंय, विसरणारच' म्हणत घालवली. डॉक्टर चांगले आहेत पण त्यांच्याकडे गर्दी असते, गोळ्या लिहून देतात आणि पुढची तारीख. घरी काय करायचं ते कोणी सांगत नाही. ती रोज संध्याकाळी माझ्यावर पाटल्या चोरल्याचा आळ घेते, मी रोज कपाट उघडून पाटल्या दाखवते, मग दोघी रडतो. शेजारच्या काकूंनी सांगितलं की ठाण्यात अशा घरच्या माणसांची महिन्यातून एकदा मीटिंग होते. आठ महिने झाले, मी गेले नाहीये. जाऊ तर आईपाशी कोण बसणार?

तुमच्यापैकी कोणी अशा गटात, वर्गात, विरंगुळा केंद्रात जाऊन आलं असेल तर प्लीज लिहा. काय मिळालं, काय नाही मिळालं, आणि मुख्य म्हणजे घरातून बाहेर कसे पडलात.

*

पुण्याहून लिहितेय. मिस्टरांना पार्किन्सन्स, यंदा अकरावं वर्ष. पहिली तीन वर्षं आम्ही कुणाला सांगितलंच नाही, त्यांना हात थरथरताना कुणी बघितलेलं नको असायचं म्हणून लग्नामुंजींना जाणं बंद, चहा सुद्धा बाहेर पीत नसत. मग एका ओळखीच्यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला ओढून नेलं. खरं सांगते, हॉलमध्ये शिरल्यावर ह्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खिशातला हात बाहेर काढला, कारण तिथे सगळ्यांचेच हात हलत होते.

तिथे जे शिकलो ते कुठल्या प्रिस्क्रिप्शनवर नव्हतं. लेव्होडोपाची गोळी जेवणासोबत द्यायची नाही, अर्धा तास तरी आधी, कारण डाळ, दूध, पनीर यातलं प्रोटीन गोळीच्या आड येतं आणि गोळी नीट लागू पडत नाही. मी इतकी वर्षं पोटात काहीतरी असावं म्हणून कपभर दुधाबरोबर देत होते!! अर्थात प्रत्येकाचं वेगळं असतं, काहींना रिकाम्या पोटी मळमळतं, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच वेळ बदला. दुसरं, दारात पाय चिकटल्यासारखे होतात ना, पाऊलच उचलत नाही, तेव्हा मागून ढकलायचं किंवा 'चला चला' करायचं नाही. समोर एक रेघ ओलांडायचीय असं समजायचं, नाहीतर तालात मोजायचं. आमच्या बाथरूमच्या दारात मी लाल चिकटपट्टी लावलीय, ती ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतं. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी नाचाचे क्लास घेतात, तिथेही ओळखीतले काही जण जातात, घरी काठीशिवाय न चालणारा माणूस तिथे तालावर पावलं टाकतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि ताई, आई एकटी राहणार म्हणून तुम्ही जात नाही हे अगदी समजू शकते. आमचं सोपं होतं, पेशंटलाच सोबत न्यायचं. डिमेन्शियात ते जमेलच असं नाही.

*

नाशिक. आईला अल्झायमर्स होता, सहा वर्षं. मी एकटा मुलगा, बायकोची नोकरी शिफ्टची.

बाबा २०१४ मध्ये गेले. आई रोज विचारायची, 'हे आले का?' आणि मी रोज सांगायचो, आई, बाबा गेले ना. ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळायची. दिवसातून चार चार वेळा मी तिला बाबांच्या जाण्याची बातमी देत होतो. गटातल्या एका आजोबांनी, त्यांची बायको तशीच होती, मला विचारलं, 'तिला तुमची माहिती हवीय का, की तिला ते हवेत?' मग म्हणाले, आले की त्यांना काय करून घालाल ते विचारून बघा. त्या रात्री विचारलं. आई अर्धा तास वांग्याच्या भरताबद्दल बोलली, हिरवी मिरची की लाल तिखट, वरून कच्चा कांदा, आणि शांत झोपली. मला खूप दिवस वाटत राहिलं की मी तिला फसवतोय. अजूनही कधीतरी वाटतं. पण ते रडणं मी परत आणलं नसतं.

पाटल्यांबद्दल: पुरावा दाखवू नका. 'अगं बाई, कुठे गेल्या, चल शोधूया' म्हणून सोबत शोधा, आणि मध्येच चहा टाका. आमच्याकडे संध्याकाळी पाचच्या आतच सगळे दिवे लावायचो, संधिप्रकाशात ती जास्त घाबरायची. खिशात नाव, पत्ता, माझा नंबर लिहिलेलं कार्ड, ते सुद्धा साडीच्या आत शिवलेल्या खिशात, कारण पर्स ती टाकून द्यायची. हे सगळं गटात कळलं.

*

मी कराडजवळच्या गावातनं. आमच्याकडं गट बिट काय नाही पण सांगते. सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, दवाखान्यातनं घरी सोडलं तेव्हा एक कागद दिला आणि म्हणाले फिजिओ करा. पंधरा दिवसांत पाठीवर जखम. मी घाबरून गेले, वाटलं मी नीट बघत नाही म्हणून झालं, घरातल्यांनी पण तेच बोलून दाखवलं. आमच्या आशाताईंनी नर्सबाईंना घेऊन आणलं. त्या बाईंनी मला आणि नवऱ्याला दोघांना बसवून शिकवलं, दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर ओढून माणूस सरकवायचा नाही, उचलून सरकवायचा नाहीतर कातडं सोलतं, टाचांखाली उशी कशी द्यायची, पाणी पाजताना मान पुढं कशी घ्यायची म्हणजे ठसका लागत नाही. नवऱ्याला मुद्दाम शिकवलं, म्हणाल्या वडील तुमचे आहेत. त्या दिवसापासनं रात्रीचं कूस बदलायचं काम ते करतात. मला सलग पाच तास झोप मिळायला लागली. मला तर वाटतं तीच सगळ्यात मोठी मदत झाली.

*

मी स्वतः ७४ वर्षांचा आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. डोंबिवलीत आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे. लोकांना वाटते संघ म्हणजे सहल आणि वाढदिवस. तेही असते, आणि ते आवश्यक असते, कारण ज्याची बायको गेली आहे त्या माणसाला आठवड्यातून दोनदा कोणीतरी नावाने हाक मारणे हे औषधच आहे. पण गेली काही वर्षे आम्ही दर बुधवारी मोबाईलचा वर्ग घेतो. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून बँकेत तास तास उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत. आता चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देता येतो, ते आम्ही एकेकाला शेजारी बसवून शिकवतो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ८० पूर्ण झाल्यावर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हे कित्येकांना माहीतच नव्हते.

दुसरे म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'चे फोन, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याची भीती घालायची आणि पैसे उकळायचे. आमच्या एका सभासदाने तीन दिवस पंख्याखाली व्हिडिओ कॉल चालू ठेवून मुदत ठेव मोडली, मुलाला सांगितले नाही, कारण फोनवरच्या 'अधिकाऱ्याने' बजावले होते. नंतर शरमेने संघात येणे बंद केले. आम्ही चौघे त्याच्या घरी गेलो. आता तोच वर्गात उभा राहून सांगतो की अशी अटक कायद्यात नाहीच, फोन ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. शिकवणारा आपल्या वयाचा असला की माणूस शंका विचारायला लाजत नाही. मुलांना तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की त्यांचा आवाज बदलतो, हे मुलांनी वाईट वाटून न घेता ऐकावे.

*

माझा अनुभव चांगला नाही, तोही लिहिते. शहर सांगत नाही. काळजीवाहकांसाठी मार्गदर्शन शिबिर म्हणून गेले, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, वडिलांपाशी ब्युरोची मावशी ठेवून. दीपप्रज्वलन, शाल श्रीफळ, चार भाषणं, सगळ्यांनी आईवडिलांची सेवा हेच पुण्य असं सांगितलं. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही. मला विचारायचं होतं की वडील अंघोळ करू देत नाहीत, मुलगी म्हणून माझ्यासमोर लाजतात, काय करू. तो प्रश्न घेऊन तशीच घरी आले. कार्यक्रम घेणाऱ्यांना हात जोडून विनंती, आम्हाला सेवेचं महत्त्व माहितीय हो, आम्ही ती करतोच आहोत. आम्हाला बोलू द्या.

*

वरच्या ताईंना: आम्ही बाबांसाठी अंघोळीपुरता मामा, म्हणजे पुरुष अटेंडंट, ठेवला, रोज फक्त एक तास. आणि प्लास्टिकची खुर्ची, अंगावर पातळ पंचा तसाच ठेवून वरून पाणी, पूर्ण कपडे काढायचेच नाहीत. लाज राखली की विरोध निम्म्याने कमी होतो. हे आम्हाला डे केअरमधल्या एका अटेंडंटने सांगितलं.

*

न्यू जर्सीहून. सासूबाई आमच्याकडे असतात, डिमेन्शिया आणि शुगर. इथे सहा आठवड्यांचा एक कोर्स केला, पॉवरफुल टूल्स फॉर केअरगिव्हर्स नावाचा, आठवड्यातून एकदा. गंमत म्हणजे त्यात पेशंटबद्दल फारसं काही नसतंच, सगळं सांभाळणाऱ्याबद्दल. दर आठवड्याला स्वतःसाठी एक छोटी गोष्ट ठरवायची, किती वेळा आणि कुठल्या दिवशी ते सुद्धा सांगायचं, आणि पुढच्या वेळी झाली का ते सगळ्यांना सांगायचं. मी म्हटलं, मंगळवारी वीस मिनिटं चालीन. पहिल्या आठवड्यात तेवढंही जमलं नाही आणि मला तिथे रडू आलं.

त्यात शिकवलेलं एक कामाला आलं. 'तू कधी मदत करत नाहीस' असं न म्हणता वाक्य 'मी'पासून सुरू करायचं. मराठीत नवऱ्याशी असं बोलणं मला नाटकी वाटत होतं, तरी एकदा म्हटलं, 'मी दमलेय, मला शनिवारी सकाळी चार तास हवेत.' तो म्हणाला, बरं. इतकंच. मी तीन वर्षं तो स्वतःहून ओळखेल म्हणून वाट बघत होते.

*

म्हापसा, गोवा. 'आईपाशी कोण बसणार' हा प्रश्न वाचून लिहितोय. आमच्याकडे बार्देस आणि तिसवाडी या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर डिमेन्शियाचा एक अभ्यास झाला होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरच्या माणसाला मीटिंगला बोलवायचं नाही, तर शिकवून तयार केलेली साधी माणसं, डॉक्टर नव्हेत, तीच घरी येऊन आजार समजावून सांगायची, वागणं कसं हाताळायचं ते दाखवायची, ऐकून घ्यायची. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे हे होऊ शकतं, आणि फार महागड्या माणसांशिवाय होऊ शकतं. प्रत्येक शहरात का होत नाही याचा मला राग येतो.

तोपर्यंत: १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, फुकट, सकाळी ८ ते रात्री ८. तुमच्या भागात काय सोयी आहेत ते विचारता येतं. नुसतं बोलायचं असेल, रात्री बेरात्री, तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

*

आई गेली त्याला दीड वर्ष झालं. मी अजून गटात जाते. सुरुवातीला वाटलं आता मला तिथे काय काम. पण सहा वर्षं दर महिन्याला ज्यांना भेटले, त्यांच्याशिवाय कुणालाच सांगता येत नव्हतं की ती गेली तेव्हा दुःखासोबत सुटल्यासारखंही वाटलं. तिथे हे बोलले तर तिघींनी मान डोलावली, कोणी काही बोललं नाही. आता नवीन कोणी मीटिंगला यायचं असेल तर मी त्यांच्या घरी पेशंटपाशी बसते. पाटल्यावाल्या ताई, तुम्ही ठाण्यातच आहात ना? मी मुलुंडला आहे. मेसेज केलाय, बघा.

*

धागा काढणारी: सगळ्यांचे प्रतिसाद दोन दोनदा वाचले. मुलुंडच्या ताई आधी एका रविवारी नुसत्या चहाला येऊन गेल्या, म्हणजे आईला चेहरा ओळखीचा व्हावा, आणि काल त्या बसल्या आणि मी मीटिंगला जाऊन आले. सोळा जण होते. मी फक्त माझं नाव सांगितलं आणि ऐकत बसले.

घरी आले तर आई चिडलेली होती, जेवली नव्हती, 'ती कुठे गेली' असं खूपदा विचारून झालं होतं. ताई म्हणाल्या पुढच्या वेळी जेवणाआधी येते म्हणजे आपण तिघी एकत्र जेवू आणि मग तू नीघ, आणि गॅसचा नॉब खालून बंद करून जात जा. रात्री भावाला फोन केला, न्यू जर्सीवाल्या ताईंसारखं 'मी'पासून सुरू केलं. तो पुण्याहून महिन्यातला दुसरा शनिवार यायला तयार झालाय. ग्रुपवर लिहून घेतलंय त्याच्याकडून.

संध्याकाळी पाटल्या निघाल्याच. मी कपाट उघडलं नाही. दोघींनी मिळून पलंगाखाली शोधल्या, तिथे तिची जुनी चप्पल सापडली, ती घालून बसली.

विरंगुळा केंद्रांबद्दल अजून फारसं कोणी लिहिलेलं नाही, कोणाच्या आईवडिलांना डिमेन्शिया असताना तिथे घेतलं का, ते कळलं तर हवंय.