‘सांख्यिकी’ की ‘संख्यात्मक’? हवामान अंदाजाचे शब्द

प्रश्न
एका अंकाचं मुद्रितशोधन करतोय. ‘न्यूमरिकल वेदर प्रेडिक्शन’साठी लेखात सगळीकडे ‘सांख्यिकी हवामान भाकीत’ आलंय. खटकतंय, पण बोट ठेवता येईना. ‘संख्यात्मक’ हवं का?

प्रतिसाद
सांख्यिकी म्हणजे स्टॅटिस्टिक्स. ती जातच वेगळी. जुन्या नोंदी चाळायच्या, अमुक ठिकाणी दाब कमी होता तेव्हा पाऊस कसा झाला ते ताडायचं आणि त्यावरून यंदाचं सांगायचं. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ गिल्बर्ट वॉकर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात हेच करत होते. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांचं 1988चं सोळा घटकांचं मॉडेलही याच घराण्यातलं. 2002 साली हवामान खात्यानं याच पद्धतीनं सरासरीच्या 101 टक्के पाऊस सांगितला, पडला 81 टक्के. मराठीत याला ‘आडाखा’ हा झकास शब्द आधीपासून आहे.

न्यूमरिकलमध्ये मागच्या वर्षांवर भिस्त नसते. आत्ताची हवा मोजायची, पृथ्वीभोवतीच्या वातावरणावर जाळी टाकायची आणि भौतिकशास्त्राची समीकरणं आकडे घालून काही मिनिटं पुढे न्यायची. मग आणखी काही मिनिटं. ही समीकरणं सूत्रानं सुटत नाहीत म्हणून सगळी आकडेमोड. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेल्या, 2025 साली सुरू झालेल्या मॉडेलच्या जाळीचं एकेक घर सुमारे 6 किलोमीटरचं आहे.

ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस रिचर्डसननं हे हातानं करून पाहिलं होतं. 20 मे 1910ची हवा घेतली, उत्तर आलं की सहा तासांत दाब 145 मिलिबार चढेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. पठ्ठ्यानं 1922च्या पुस्तकात ते फसलेलं गणित तसंच छापलं! जगभराच्या हवेसाठी 64,000 ‘कंप्युटर’ लागतील असंही त्यात आहे. ही माणसं बरं का, आकडेमोड करणारी. लेखात तिथे ‘संगणक’ असेल तर ‘गणक’ करा.

प्रतिसाद
‘संख्यात्मक’ म्हटलं की ‘गुणात्मक’ डोक्यात येतं. मी सरळ ‘गणिती अंदाज’ लिहितो. ‘भाकीत’ तर काढाच, पोपटवाला आठवतो.

(अवांतर: बातमीतलं ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ मावशीनं ‘तुरळक पाऊस’ असं ऐकलं आणि पापड गच्चीवर ठेवले. संध्याकाळी लगदा. ‘तुरळक’ हे ठिकाणांचं विशेषण, पावसाचं नव्हे. तुरळक म्हणजे पाऊस मोजणाऱ्या एकूण केंद्रांपैकी फार तर पंचवीस टक्के.)

मूळ प्रश्नकर्ता
‘गणिती’ आवडलं. पण लेखाचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेवर आहे, गूगलचं हवामान सांगणारं 2023चं ग्राफकास्ट वगैरे. तेही गणितीच म्हणायचं?

प्रतिसाद
इथे गंमत आहे. ग्राफकास्ट ती समीकरणं सोडवतच नाही. 1979पासूनच्या जवळपास चार दशकांच्या हवेवर ते शिकलंय, म्हणजे वळण आडाख्याचंच. मात्र ज्या नोंदींवर शिकलं त्या निव्वळ मोजमापाच्या नाहीत. मधली भोकं गणिती मॉडेलनंच भरलेली आहेत. बाप सांख्यिकी, आई गणिती म्हणा. तेवढ्या परिच्छेदात ‘सांख्यिकी’ला हात लावू नका.

मूळ प्रश्नकर्ता
सतरा ठिकाणी बदललं, शेवटच्या परिच्छेदात एकदा राहू दिलं. आता लेखक विचारणार, तिथेच का नाही बदललं. हा धागाच पाठवतो त्यांना.