पत्र्यावरच्या कबुतरांनी झोप उडवलीय, काय करू?

भांडुपकर: बैठं घर आहे, वर सिमेंटचा पत्रा, पहाटे ५ पासून डोक्यावर टपटप आणि गुटर्रगूं. जुन्या सीड्या टांगल्या तर २ दिवस घाबरली, आता त्यांच्याच शेजारी बसतात 😭

चाळकरी: सीड्या, प्लास्टिकचं घुबड सगळं फुकट रे. पत्रा आणि भिंतीमधल्या फटीला नायलॉनची जाळी मार, पण आधी आत अंडी आहेत का बघ, बहुतेक २ असतात, १८ दिवसांच्या आसपास फुटतात, मग पिल्लं उडेपर्यंत महिनाभर थांबावं लागेल.

गच्चीवाली: आणि सुकलेली शीट झाडूने काढू नकोस हां, धूळ फुफ्फुसात जाते, पाणी मारून मास्क लावून काढ.

भांडुपकर: शेजारच्या काकू रोज ज्वारी टाकतात त्याचं काय?

चाळकरी: मग आधी काकूंशी बोल, जाळी नंतर 😂