बेरिलियम-१० वाढलं म्हणजे सूर्य मंदावला होता, की बर्फच कमी पडला?

ध्रुवमत्स्य:
ग्रीनलंडच्या डाय-३ इथल्या आइस कोअरची (खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या दंडगोलाची) आकडेवारी बघतोय. माउंडर मिनिममच्या काळात (१६४५ ते १७१५, सूर्यावर डाग जवळपास नसलेला काळ) बेरिलियम-१० चढलेलं दिसतं. सूर्य थंडावला की वैश्विक किरण जास्त आत शिरतात आणि हवेत बेरिलियम-१० जास्त बनतं, इथवर ठीक. पण तेव्हा बर्फच कमी पडला असेल तर?

रानवारा:
आधी बघा, आलेख कॉन्सन्ट्रेशनचा (दर ग्रॅम बर्फातल्या अणूंचा) आहे की फ्लक्सचा. दर ग्रॅममधले अणू गुणिले वर्षाला दर चौ. सेंमी.वर साठलेला बर्फ (ग्रॅममध्ये), हा झाला फ्लक्स. साठा थरांच्या जाडीवरून काढतात, पण खोलवरचे थर हिमनदीच्या प्रवाहाने ताणले जाऊन पातळ होतात. ती दुरुस्ती राहिली की सगळं गणित फसतं.

ग्रीनलंडला बेरिलियम मुख्यतः हिमवर्षावासोबत उतरतं, त्यामुळे कॉन्सन्ट्रेशन फारसं डगमगत नाही. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर ते बरंचसं कोरडंच बसतं. तिथे बर्फ निम्मा पडला की कॉन्सन्ट्रेशन दुपटीच्या जवळ जातं, सूर्याचा काही संबंध नसताना. तिथे फ्लक्सच धरा.

शेजारी सल्फेटचा आलेखही ठेवा. १९६३चा आगुंग, १९९१चा पिनाटुबो अशा ज्वालामुखी उद्रेकांनंतर स्ट्रॅटोस्फिअरमधलं (वरच्या हवेतलं) बेरिलियम सल्फेटच्या कणांना चिकटून भराभर खाली येतं. असं शिखर सूर्याच्या खात्यावर मांडू नका.

बोरू:
मोजणीचंही बघा. ग्रॅममागे साधारण १०,००० अणू, म्हणजे ३०० ग्रॅम बर्फात जेमतेम ३० लाख. म्हणून बर्फ वितळण्याआधीच सुमारे ०.२ मिग्रॅ साधं बेरिलियम-९ (कॅरिअर, म्हणजे वाहक) घालतात. उशीर केला तर अणू भांड्याच्या भिंतीला चिकटतात. मग आयन-एक्स्चेंज कॉलम, अमोनियाने हायड्रॉक्साइडचा साका, तो ९०० अंशांच्या आसपास भाजून ऑक्साइड, त्यात नायोबियमची पूड आणि शेवटी एएमएस (वस्तुमानानुसार वेगळे करून अणू मोजणारं त्वरक यंत्र). खरी डोकेदुखी बोरॉन-१०ची, कारण वस्तुमान जवळपास तेच. साका नीट धुतला नाही तर डिटेक्टर त्यातच बुडतो. कोऱ्या नमुन्याचं मोजमाप वजा केलंय ना, तेही तपासा.

रानवारा:
बोरूंशी सहमत. शेवटची कसोटी झाडांच्या वाढवलयांतला कार्बन-१४, तोही वैश्विक किरणांमुळेच बनतो. त्याचा प्रवास कार्बनचक्रातून, बेरिलियमचा हवा-बर्फातून. दोघांत जे समान दिसतं, ते बहुधा निर्मितीतलंच. इ.स. ७७४-७७५ची उसळी दोन्हीकडे सापडते. तिच्याशी जुळवल्यावर ग्रीनलंडची कालगणना तिथे सुमारे ७ वर्षं सरकलेली निघाली, म्हणून तारखाही डोळे झाकून घेऊ नका.

ध्रुवमत्स्य:
पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं काय? तेही वैश्विक किरण अडवतंच ना?

रानवारा:
७० वर्षांच्या तुकड्यात ते संथ बदलतं. हजारो वर्षांच्या मालिकेत मात्र वजा करावंच लागतं. ४१,००० वर्षांपूर्वीच्या लाशांप घटनेतलं मोठं शिखर चुंबकीय क्षेत्र दुबळं झाल्याचं आहे. आणि डाय-३मध्ये माउंडर काळातही ११ वर्षांचं चक्र दिसतं, सूर्यावर डाग जवळपास नसतानाही. डागांशी ताडताना बेरिलियम खाली यायला लागणारं वर्ष-दोन वर्षं जमेस धरा.