सशुल्क डेटाबेस नसताना बहिष्कार आणि अनुच्छेद २६ वरचं संशोधन कसं करावं?

एलएलएम_सेम३

लघुप्रबंधाचा विषय आहे धार्मिक बहिष्कार आणि संविधानाचा अनुच्छेद २६(ख), म्हणजे धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबी स्वतः चालवण्याचा हक्क. मुंबई प्रांताचा १९४९ चा बहिष्कारबंदीचा कायदा, तो घटनाबाह्य ठरवणारा, दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवरचा सरदार सय्यदना ताहेर सैफुद्दीन निकाल (१९६२) आणि महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा असे तीन टप्पे मांडायचे आहेत. कॉलेजकडे एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा हे सशुल्क डेटाबेस नाहीत. विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी खुलं ठेवलेलं काय आहे, आणि ते कोणत्या क्रमाने वापरावं? इंडियन कानून या मोफत संकेतस्थळावरचा मजकूर तळटिपेत चालेल का? परदेशातले एक-दोन निकालही हवे आहेत.

तळटीप

सुरुवात १९६२ च्या निकालाच्या छापील पानांपासून करा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिजिटल एससीआरवर (सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स, न्यायालयाचे अधिकृत निकाल-अहवाल) १९५० पासूनचे खंड मोफत आहेत. तुमचा संदर्भ आहे [१९६२] सप्लिमेंट (२) एससीआर ४९६. शोधताना ‘सप्लिमेंट’ गाळून नुसता खंड २, पान ४९६ टाकलंत तर भलतंच पान उघडेल, कारण त्या वर्षी नियमित आणि पुरवणी खंड वेगळे निघाले होते.

इंडियन कानून शोधायला उत्तम आहे, तळटिपेला नाही. जुन्या निकालांत स्कॅनिंगच्या चुका राहिल्या आहेत: कलमांचे आकडे, कंस, कधी एखादा गळलेला ‘नॉट’. शिवाय त्या काळच्या एससीआरमध्ये परिच्छेदांना क्रमांक नसत; एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) या खासगी अहवालात दिसतात ते संपादकांनी घातलेले. म्हणून तळटिपेत एससीआरचं पान द्या.

याच निकालात एक गफलत वारंवार होते. पाच न्यायमूर्तींपैकी सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत भिन्न होतं, पण अहवालात ते सगळ्यात आधी छापलंय. बहुमताचा निकाल त्यानंतर न्या. दासगुप्तांचा, आणि न्या. अय्यंगार यांचं सहमतीचं मत वेगळं. सुरुवातीची पानं वाचून ‘सर्वोच्च न्यायालय म्हणतं’ असं लिहिलं तर अर्थ नेमका उलटा होतो. उतारा उचलण्याआधी वर जाऊन मत कोणाचं ते बघा.

इंडियन कानूनवर अँड, ऑर, नॉट हे शब्द रोमन कॅपिटलमध्ये आणि शेवटचं अक्षर दोनदा लिहून द्यावे लागतात. साध्या ‘अँड’ने काम होत नाही. ‘सेक्शन ३’ अवतरणात टाकून शोधलंत तर जुने निकाल निसटतात, कारण तिथे नुसतं ‘एस. ३’ असतं. दोन्ही रूपं ‘ऑर’ने जोडा. दाऊदी आणि बोहरा यांचीही एकाहून जास्त रोमन स्पेलिंगं चालतात, तीही सगळी घ्या.

विद्यापीठीय स्रोतांत एलआयआय ऑफ इंडिया हा निकाल आणि कायद्यांचा मोफत डेटाबेस आहे. सिडनीच्या दोन विद्यापीठांनी चालवलेल्या ऑस्टली या मोफत कायदा-संकेतस्थळाने आपल्याकडच्या विधी विद्यापीठांच्या साथीने ते उभारलं. त्याची शोधयंत्रणा मला फार आवडते: ‘डब्ल्यू/१०’ लिहिलं की दोन शब्द दहा शब्दांच्या अंतरात असलेलेच निकाल येतात, ‘निअर’ लिहिलं की पन्नास शब्दांच्या. पण नव्या निकालांसाठी त्यावर विसंबू नका. प्रत्येक डेटाबेसची शेवटची नोंद कधीची आहे ते आधी बघा. आणि तिथला चौकोनी कंसातला आयएनएससी क्रमांक हा त्यांनी स्वतः दिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुरू केलेलं न्यूट्रल सायटेशनही (कोणत्याही प्रकाशकाच्या अहवालावर न अवलंबणारा निकालाचा क्रमांक) आयएनएससी याच अक्षरांनी लिहितात. दोन्ही क्रमांक जुळतीलच असं नाही. तळटिपेत न्यायालयाचाच द्या.

ग्रंथालय_संदर्भकक्ष

कायद्यांच्या बाजूचं मी सांगते. इंडिया कोड या सरकारी कायदे-संकेतस्थळावर राज्यांचे अधिनियमही आहेत. सामाजिक बहिष्काराच्या कायद्याच्या नावात २०१६ आहे, पण तो २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ४४ आहे. वर्ष २०१६ लावून क्रमांक शोधलात तर हाती काही लागत नाही. त्याचं निरसनाचं कलम जरूर वाचा, १९४९ चा कायदा तिथे रद्द झालाय. मराठी पाठ राजपत्रातून घ्या, पण अर्थावरून वाद आला तर अनुच्छेद ३४८(३) मुळे राजपत्रातला इंग्रजी पाठ प्राधिकृत मानला जातो. दोन्ही शेजारी ठेवून वाचलेत तर व्याख्यांच्या प्रकरणाला चांगलं खाद्य मिळेल.

संविधान सभेच्या चर्चेसाठी बंगळूरच्या सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्चचं संकेतस्थळ वापरा. तिथे ‘अनुच्छेद २६’ म्हणून मूळ भाषणांत शोधू नका. मसुद्यात तो २० वा होता, आणि अनुच्छेद २५ हा १९ वा. मसुदा अनुच्छेद २० वरची चर्चा ७ डिसेंबर १९४८ ची, खंड ७ मध्ये. त्या संकेतस्थळावर आजच्या अनुच्छेदाच्या पानावरून मसुद्याच्या चर्चेकडे जाता येतं, तोच मार्ग घ्या.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या डिजिटल संग्रहात मुंबई प्रांताचे जुने अहवाल आणि पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत. तिथे शीर्षकातले शब्द टाकून शोधा. आतला मजकूर दर वेळी शोधता येत नाही.

शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या खुल्या संग्रहात पीएचडीचे प्रबंध मिळतात, एलएलएमचे लघुप्रबंध नाहीत. प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते, म्हणून आधी संदर्भसूचीची फाइल उतरवा; निम्मं काम तिथेच होतं. इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकाचे जुने अंक संस्थेच्या संग्रहात आहेत. नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया रिव्ह्यू आणि एनयूजेएस लॉ रिव्ह्यूचे लेखही खुले आहेत.

एलएलएम_सेम३

दोघांचेही आभार. १९६२ च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय) हसन अली वि. मन्सूर अली प्रकरणाचा (७५ आयए १, म्हणजे इंडियन अपील्स या अहवालाचा खंड ७५, पान १) आधार आहे. तो निकाल गूगलवर बेली या ब्रिटिश-आयरिश निकालांच्या मोफत संकेतस्थळाच्या नावासह शोधला तरी दिसत नाही. तिथे नाहीच का?

अपीलशाखा

गूगलवर न दिसणं म्हणजे तिथे नसणं नव्हे. बेलीने निकालांची पानं शोधयंत्रांना बंद ठेवली आहेत, ऑस्टलीचंही तसंच. बेलीवर जाऊन प्रिव्ही कौन्सिलचा विभाग निवडा, वर्ष १९४७ उघडा आणि यादी डोळ्यांनी चाळा. निकाल डिसेंबरचा आहे. नावाने शोधू नका, कारण पक्षकारांची स्पेलिंगं अहवालागणिक बदलतात. जुने निकाल बरेचदा स्कॅन केलेल्या पीडीएफ आहेत, त्यांत शब्द शोधता येत नाही.

परदेशी निकालांत ब्रिटनचा शेरगिल वि. खैरा, [२०१४] यूकेएससी ३३ घ्या: मालमत्तेचा किंवा विश्वस्तपदाचा हक्क धार्मिक प्रश्नावर अवलंबून असेल तर न्यायालय त्यात कितपत शिरतं, हा तिथला मुद्दा. थेट बहिष्काराचा हवा असेल तर कॅनडाचा हायवूड काँग्रिगेशन वि. वॉल, २०१८ एससीसी २६, कॅनली या कॅनडाच्या कायदा-संकेतस्थळावर मोफत. तिथे एससीसी म्हणजे सुप्रीम कोर्ट ऑफ कॅनडा. तळटिपेत देशाचं नाव लिहा, नाहीतर परीक्षक तो आपल्याकडच्या एससीसीत (सुप्रीम कोर्ट केसेस या अहवालात) शोधत बसतील. वॉलच्या बाबतीत न्यायालयाने हात आखडता घेतला: कायदेशीर हक्काला धक्का नसेल तर मंडळीतून काढण्याच्या निर्णयाची तपासणी नाही. १९६२ च्या बहुमताशेजारी हा निकाल ठेवून वाचण्यासारखा आहे, कारण १९६२ मध्ये प्रश्न विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा होता, वॉलमध्ये न्यायालयाच्या अधिकारितेचा. हा फरक न सांगता तुलना केली तर ती टिकणार नाही.

१९६२ चा निकाल ‘उलटला’ असंही कुठे लिहू नका. १० फेब्रुवारी २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी त्याचा फेरविचार नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला, एवढंच त्या आदेशात आहे. मूळ रिट याचिका (दिवाणी) ७४० सन १९८६ ची. प्रबंध सादर करण्याच्या आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या केस स्टेटसमध्ये हा क्रमांक टाका आणि पाहिल्याची तारीख तळटिपेत द्या.