धबधब्यानंतर शेजारचा कातळ वर सरकताना का दिसतो?

हुक्केरीचा वाचक

गेल्या रविवारी आईला आणि आठवीत शिकणाऱ्या मुलीला घेऊन गोकाकच्या धबधब्यावर गेलो होतो. घटप्रभेला पाणी भरपूर होते. सुमारे ५२ मीटर खाली कोसळणाऱ्या त्या तांबूस पाण्याच्या एकाच पट्ट्यावर मी मिनिटभर नजर खिळवून उभा राहिलो आणि मग सहज बाजूच्या उघड्या कातळाकडे पाहिले, तर तो कातळ संथपणे वर सरकत असल्याचे स्पष्ट दिसले. दहा-बारा सेकंदांत सारे पूर्ववत झाले. मुलीचाही अनुभव तोच. आईला मात्र चक्कर येते आहे असे वाटले आणि तिने माझा दंड घट्ट धरला. मला न उलगडलेली गोष्ट अशी, की कातळ वर सरकत होता, पण त्याच्या कपारीतले झुडूप होते तिथेच होते. हा डोळ्यांचा दोष समजायचा की मेंदूचा?

लोंढ्याचा प्रवासी

बेळगाव-लोंढा गाडीत खिडकीच्या गजावर नजर ठेवून बसलो, की गाडी थांबल्यावर फलाट क्षणभर पुढे सरकल्यासारखा मलाही दिसतो. माझ्या मते कारण साधे असावे. पडत्या पाण्यामागे बुबुळे नकळत खाली जात राहतात, ती सवय लगेच सुटत नाही, आणि त्यामुळे स्थिर वस्तू वर जात असल्याचा भास होतो.

निपाणीचा निवृत्त शिक्षक

प्रवासी महोदय, आपले उत्तर चुकीचे असले तरी त्याला जुनी परंपरा आहे. रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ साली स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यापाशी नेमका हाच अनुभव नोंदवला आणि त्याचे कारण डोळ्यांच्या नकळत होणाऱ्या हालचालींतच शोधले. पुढे बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लाटो यांनी १८४९ मध्ये फिरत्या सर्पिलाचा (मध्यापासून वळत वळत बाहेर जाणाऱ्या रेघेचा) प्रयोग मांडला (त्या वेळी ते स्वतः पूर्णपणे अंध झालेले होते, ही गोष्ट मला आजही चकित करते). फिरणारे सर्पिल मध्यापासून बाहेर पसरताना दिसत असेल, तर ते थांबवल्यावर चहूबाजूंनी आत आकसताना दिसते. बुबुळ एकाच वेळी सर्व दिशांना फिरू शकत नाही, त्यामुळे डोळ्यांच्या हालचालीचे स्पष्टीकरण येथे टिकत नाही.

खरे कारण दिशा ओळखणाऱ्या चेतापेशींत आहे. मेंदूच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टिकेंद्रात काही पेशी खाली जाणाऱ्या हालचालीला अधिक प्रतिसाद देतात, तर काही वर जाणाऱ्या हालचालीला. समोर स्थिर कातळ असतानाही दोन्ही गटांचे संदेश थोडेफार चालूच असतात आणि ते तोलास तोल असल्यामुळे मेंदू ‘हालचाल नाही’ असा निष्कर्ष काढतो. मिनिटभर कोसळते पाणी पाहिले की पहिल्या गटाचा प्रतिसाद मंदावतो, आणि मग स्थिर कातळ पाहतानाही दुसऱ्या गटाचे पारडे जड ठरते. बार्लो आणि हिल या संशोधकांनी १९६३ मध्ये सशाच्या दृष्टिपटलावरील अशा पेशींचा प्रतिसाद दीर्घ हालचालीनंतर नेहमीच्या पातळीखाली जातो, हे प्रत्यक्ष मोजून दाखवले. सशात दिशेची ही निवड डोळ्यातच होते. माणसात ती प्रामुख्याने मेंदूत होते.

हुक्केरीचे वाचक महोदय, आता आपल्या झुडपाविषयी. वस्तू कुठे आहे आणि ती हलते आहे काय, या दोन प्रश्नांचा हिशेब मेंदू बऱ्याच अंशी वेगवेगळा ठेवतो. एरवी दोन्ही उत्तरे जुळतात, म्हणून हे वेगळेपण जाणवत नाही. १९८३ साली जर्मनीतील संशोधकांनी अशा एका स्त्रीविषयी लिहिले, की मेंदूच्या विशिष्ट भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाल्यामुळे तिला वस्तू दिसत, पण त्यांची हालचाल दिसत नसे. कपात ओतला जाणारा चहा तिला गोठल्यासारखा दिसे. तिच्या बाबतीत जागा कळत होती आणि गती हरवली होती. आपल्याला कातळाची जागा न बदलता निव्वळ गती दिसली.

याला दोष म्हणणे मला पटत नाही, कारण सतत सारख्या येणाऱ्या संदेशाकडे हळूहळू दुर्लक्ष करणे हे त्या पेशींचे कामच आहे. मातोश्रींना मात्र असे टक लावून न पाहताही घर फिरल्यासारखे वाटत असेल, तर ती तक्रार आतील कानाशी संबंधित असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांना दाखवावे.

खानापूरची सून

सर, सर्पिलाचे वाचून हसू आले, कारण आमच्या घरी कुंभाराच्या चाकावर ते रोजच असते. फिरत्या मातीवर बोट मध्यापासून कडेकडे नेले की वळणावळणाची रेघ उमटते, आणि चाक फिरत असेतो ती पसरते आहे की आकसते आहे तेच कळत नाही. काम संपल्यावर जमिनीकडे पाहिले की सारवणही जरा हलते. सासूबाई याला ‘चाक डोळ्यांत राहिले’ असे म्हणतात.

हुक्केरीचा वाचक

सर, मनापासून आभार. मुलीने मोबाइलवर घेतलेल्या धबधब्याच्या चित्रफितीवर आम्ही काल रात्री प्रयोग केला. उजवा डोळा झाकून केवळ डाव्याने मिनिटभर पाहिले आणि मग डावा झाकून उजव्याने भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहिले. तारखा वर चढल्या, जरा क्षीणपणे, पण चढल्या. ज्या डोळ्याने पाणी पाहिलेच नाही, त्यालाही भास झाला! आईनेही पाहिले आणि नंतर ती निश्चिंत झाली. मुलीचा एक प्रश्न उरला आहे. पाणी पाहून झाल्यावर तिने अर्धा मिनिट डोळे मिटून घेतले, तरी उघडल्यावर भास शिल्लकच होता. तो तोवर विरायला हवा होता ना?

निपाणीचा निवृत्त शिक्षक

मुलीचे निरीक्षण अचूक आहे. मिटल्या डोळ्यांआड हा परिणाम बराचसा साठून राहतो, हे संशोधकांनाही आढळले आहे. स्थिर दृश्य समोर असताना तो लवकर ओसरतो. अंधारात त्या पेशींसमोर तोलून पाहण्यासारखे काहीच नसते. तिला आता डोळे मिटण्याचा वेळ दहा-दहा सेकंदांनी वाढवत भास किती टिकतो ते वहीत मांडायला सांगा, आणि ते आकडे येथे अवश्य लिहा.