हिशेबाचं मोठं टेबल: सलग स्क्रोल की पानं?

रामबागचा_कोडर

इंदूरच्या मंडीतल्या आडत्यांसाठी ब्राउझरमध्ये चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर आमची छोटी टीम बनवते. दसरा-दिवाळीत सोयाबीनची आवक वाढते आणि हंगाम सरता सरता एकेका पेढीच्या नोंदी ४०,००० च्या घरात जातात. टीममधल्या बहुतेकांना सगळ्या नोंदी एकाच सलग टेबलात हव्या आहेत, व्हर्च्युअल स्क्रोलिंग लावून. माझा विरोध आहे.

४०,००० ओळी आणि १२ रकाने, म्हणजे ४,८०,००० सेल. शिवाय सेलच्या आत बटणं, आयकॉन असतातच. ब्राउझरने या प्रत्येकाची जागा ठरवायची. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद, त्यामुळे पान अडकणारच. व्हर्च्युअल स्क्रोलिंग पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी आणि वर-खाली थोड्या जास्तीच्या ओळी बनवतं, बाकी नुसती रिकामी उंची. वेग मिळतो, त्याबद्दल वाद नाही.

पण कंट्रोल-एफ दाबून शेतकऱ्याचं नाव शोधा. ब्राउझर फक्त बनलेल्या ओळींत शोधतो आणि शून्य दाखवतो. नोंद आहे, पैसे द्यायचे राहिलेत, आणि पडदा म्हणतो असं कुणी नाहीच. प्रिंट काढली तरी तेच. पैशाच्या कामात हे मला चालणार नाही.

शिवाय माणूस प्रश्न घेऊन बसतो: अमक्याचं देणं किती, काल कोणत्या भावाने किती माल गेला. याचं उत्तर डेटाबेसने द्यावं. शोध आणि फिल्टर ठळक ठेवा, १०० ओळींचं पान करा आणि बेरीज पूर्ण निकालाची दाखवा.

सियागंज_खातेवही

दादा, हे खाती लिहिणाऱ्या कुणाला विचारलंत का? मी इंदूरच्याच सियागंज बाजारात ठोक व्यापाऱ्याकडे खाती सांभाळतो. प्रश्न घेऊन बसणं हे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे नजर फिरवणं. वजनाच्या रकान्यात ५२.४०, ४८.१५, ५०.९० असं चाललेलं असतं आणि मध्येच ५२४.०० येतं. टिंब सरकलेलं असतं. ही ओळ मी फिल्टर लावून कशी शोधू? चूक काय आहे तेच ठाऊक नसतं.

पानांचा दुसरा जाच सांगतो. सातव्या पानाची शेवटची ओळ आणि आठव्याची पहिली कधीच शेजारी दिसत नाहीत. चालू शिल्लक नेमकी तिथे तुटते. आणि मी पहिलं पान बघत असताना शेजारच्या टेबलावरच्या पोराने दोन नोंदी घातल्या की दुसऱ्या पानावर आधीच्याच दोन ओळी परत दिसतात. त्या मी दोनदा टिक करतो आणि मेळ बसेना म्हणून संध्याकाळ घालवतो.

मला सलगच पाहिजे.

विजयनगर_फ्रंटएंड

खातेवहीशी सहमत. कंट्रोल-एफचा मुद्दा खरा आहे, पण पानांतही तो तसाच आहे. पान १२ वरचं नाव पान १ वर शोधलं तर तिथेही शून्यच येणार. दोन्हीकडे स्वतःची शोधपेटी द्यावीच लागते.

४०,००० ओळी हा आकडाही मोठा नाही. क्रोममध्ये एका घटकाची उंची साधारण ३.३५ कोटी पिक्सेलांवर थांबते. ओळ ४० पिक्सेलची धरली तर आठ लाखांच्या पुढे जाईपर्यंत रिकाम्या उंचीची नेहमीची पद्धत चालते. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीच्या नियमांत, टेबल-लेआउट फिक्स्ड ठेवा, म्हणजे रकान्यांची रुंदी पहिल्या ओळीवरूनच ठरते, दर ओळीचा मजकूर मोजावा लागत नाही. नावं अकारविल्हे लावताना प्रत्येक तुलनेला लोकेल-कंपेअर (भाषेच्या क्रमाने दोन शब्द ताडणारं फंक्शन) बोलावू नका. तेच काम करणारा एकच कोलेटर बनवा आणि तोच वापरा, देवनागरी नावांच्या लांब यादीत फरक जाणवतो.

डेटाबेसवाली

रामबाग, तुम्ही पानं स्वस्त धरून चाललाय. ऑफसेट, म्हणजे ‘सुरुवातीच्या इतक्या ओळी वगळा’, असं लिहून पान ३५० मागितलं की पोस्टग्रेस हा डेटाबेस आधीच्या ३४,९०० ओळी काढतो आणि टाकून देतो. त्यांच्या कागदपत्रांतही लिहिलंय की वगळलेल्या ओळी सर्व्हरला काढाव्याच लागतात. खातेवहींच्या दोनदा दिसणाऱ्या ओळींचं मूळही इथेच आहे.

शेवटच्या ओळीची तारीख आणि क्रमांक पाठवा, ‘यापुढच्या १०० द्या’ म्हणा, दोन्हींवर मिळून इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) ठेवा. मध्ये नवी नोंद आली तरी ओळ परत येत नाही. थेट ‘पान ३७’ वर उडी मारता येणार नाही, पण पान ३७ कुणाला हवं असतं? १२ नोव्हेंबर हवी असते.

ऐकून_वाचणारी

मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करते. कंट्रोल-ऑल्ट आणि बाण दाबत सेल ते सेल जाते. जी ओळ पानात बनलेलीच नाही, ती माझ्यासाठी नाही. वेगाने खाली गेले की मी उभी असलेली ओळच काढून टाकली जाते आणि फोकस पानाच्या सुरुवातीला जातो. एकूण ओळी आणि ओळीचा क्रमांक स्क्रीन रीडरला सांगणारे ARIA गुणधर्म लावले तर ‘४०,००० पैकी ९१२’ ऐकू येतं, पण हरवलेला फोकस त्याने परत येत नाही. मला पानं हवीत.

रामबागचा_कोडर

ऑफसेट काढतो, हे ठरलं. खातेवही, तुमचा टिंबाचा दाखला पटला, तरी सगळा हंगाम एका टेबलात ओतायला मी तयार नाही. नजर फिरवता ती एका बैठकीत किती ओळींवर?

सियागंज_खातेवही

एका दिवसाच्या. रोजमेळ रोजचाच लागतो. गर्दीच्या दिवशीही काहीशेच नोंदी.

विजयनगर_फ्रंटएंड

तेवढ्याला व्हर्च्युअल स्क्रोलिंग लागतच नाही. काहीशे ओळी साध्या टेबलात राहतात, कंट्रोल-एफ, प्रिंट, स्क्रीन रीडर सगळं चालतं. पण महिन्याचा खातेउतारा मागणारेही आहेत, तो मी सलगच ठेवणार.

रामबागचा_कोडर

उताऱ्यावर आपलं जमणार नाही, ते टीममध्ये भांडू. दिवसाचं पान मात्र घेतो.

सियागंज_खातेवही

घ्या. फक्त वहीत करतो तसं प्रत्येक दिवसाच्या पहिल्या ओळीवर मागची बाकी ओढून द्या, आणि ती सर्व्हरकडून आणा. पडद्यावरच्या ओळींची बेरीज करून काढलेली मला नको.