मदत हवी आहे: जर्मनीत हायडेलबर्गला सहा महिन्यांसाठी आलेय, आनमेल्डुंग (म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी) न देणारी खोली घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. आत्ता हायडेलबर्ग विद्यापीठाच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये सहा महिन्यांसाठी व्हिजिटिंग रिसर्चर म्हणून आलेय, विषय धनगरी ओव्या. महाराष्ट्रातल्या लोकदैवतांचे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर इथेच शिकवायचे, आणि खंडोबा-बिरोबावर काम करणाऱ्याला त्यांचं लिखाण टाळून पुढे जाताच येत नाही, त्यामुळे इथे येऊन बसायचं फार वर्षं मनात होतं. लायब्ररीत मराठी पुस्तकं बघून इतकं बरं वाटलं, पण कामाला लागावं म्हटलं तर अर्धा दिवस खोली शोधण्यातच जातोय.

गेस्टहाऊसची खोली महिनाअखेरपर्यंतच आहे, पुढे दुसऱ्या कुणाचं तरी बुकिंग आहे. त्यात ऑक्टोबर, विंटर सेमिस्टर सुरू होतंय, सगळे विद्यार्थी एकदमच खोल्या शोधतायत आणि मी मेल करते त्यातल्या बहुतेकांचं उत्तरच येत नाही. आता एक खोली मिळतेय, नेकार नदीच्या पलीकडे नॉयनहाइम भागात, फर्निचरसकट, भाडं परवडणारं, लायब्ररीत चालत जाता येईल. पण देणारा स्वतःच भाडेकरू आहे, तो म्हणतो राहा खुशाल पण आनमेल्डुंग मिळणार नाही, मूळ मालकाला कळायला नको. आणि फेलोशिपचे पैसे जर्मन खात्यातच जमा होणार, बँक म्हणते आनमेल्डुंगचा कागद आणा. व्हिसा तीनच महिन्यांचा आहे, पुढची परवानगी इथेच काढायचीय, तिथेही तोच कागद मागतायत.

इथे एक भारतीय ओळखीचे म्हणाले, माझ्या पत्त्यावर नाव नोंदवा आणि राहा तिकडे. मदतीच्या भावनेनेच म्हणाले, पण मला धाकधूक वाटतेय. कुणी असं केलंय का? आणि गावाबाहेर राहायचं तर कुठे बघू? संध्याकाळी लायब्ररीतून एकटीच परत येणार, आणि थंडीत इथे लवकर अंधार पडतो म्हणतात.

प्रतिसाद १

ताई, ती खोली घेऊ नका. परदेशातून येऊन तीन महिन्यांच्या आत परत जाणार असाल तर नोंदणी लागत नाही, तुमचं सहा महिन्यांचं आहे त्यामुळे लागणारच, आणि राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, भाडेकरार दाखवून भागत नाही. आणि ओळखीच्यांच्या पत्त्यावर तर अजिबात नको, जिथे राहत नाही तिथली नोंदणी करू देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, त्या बिचाऱ्यांना हे माहीतही नसेल.

गेस्टहाऊसच्या पत्त्यावर नोंदणी केलीत का? नसेल तर उद्याच ऑफिसात तो फॉर्म मागा आणि ब्युर्गरआम्टची, म्हणजे नोंदणी होते त्या नागरी कार्यालयाची, टर्मिन (अपॉइंटमेंट) घ्या. पुढची तारीख मिळाली तरी बुक करून त्याचं कन्फर्मेशन जपून ठेवा. एकदा नोंदणी झाली की बँकेचं काम सुरू होतं, टॅक्स आयडीही पोस्टाने येतो. नवीन घरात गेलात की पत्ता बदलून घ्यायचा, तेव्हा तिथेही फॉर्म लागेलच, म्हणून नवीन घरमालकाला पहिल्याच मेलमध्ये आनमेल्डुंगचं विचारा.

आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव लावा! इथे फ्लॅट नंबर नसतात, पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. जागा डोसेनहाइम, श्रीसहाइम या जवळच्या गावांकडे बघा, पाच नंबरची ट्राम थेट हायडेलबर्गात येते, रात्रीही मी एकटी आलेय, भीती वाटली नाही. मानहाइम मोठं शहर, खोल्या जास्त, ट्रेनने वीसेक मिनिटं. डॉइचलांड-टिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) घेतलंत तर ट्राम आणि लोकल गाड्या दोन्ही त्यात येतात, फक्त ते आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत करावं लागतं, परत निघताना हे लक्षात ठेवा.

जाहिरातीत काल्टमीटे (नुसतं भाडं) लिहिलं असेल तर हीटिंग आणि बाकीचा खर्च वेगळा, तुम्ही वार्ममीटे, म्हणजे तो खर्च धरून भाडं किती ते विचारा. डिपॉझिट काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि तीन हप्त्यांत देता येतं, तो तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. मालक परदेशात आहे, पैसे पाठवा मग किल्ली पोस्टाने येईल असं कुणी म्हटलं की सरळ सोडून द्या. बाहेरून आलेल्या संशोधकांना मदत करणाऱ्या विद्यापीठाच्या वेलकम सेंटरला तुमच्या होस्ट प्रोफेसरांकडून मेल जाऊ दे, स्वतः लिहिण्यापेक्षा त्याने खूप फरक पडतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गेस्टहाऊसने फॉर्म लगेच सही करून दिला, टर्मिन पुढच्या आठवड्यातली मिळालीय. नॉयनहाइमची खोली नको असं त्याला कळवून टाकलं. प्रोफेसरांनी वेलकम सेंटरला लिहिलंय आणि डोसेनहाइममध्ये एका आजींच्या घरातली वरची खोली शनिवारी बघायला जातेय, त्या फॉर्म देणार म्हणाल्यात.

एकच राहिलं, त्यांना इंग्लिश फारसं येत नाही आणि माझं जर्मन दुकानापुरतं आहे. भाडेकरार जर्मनमध्येच असणार, सही करण्याआधी त्यात नेमकं काय काय तपासू? डिपॉझिट परत कधी मिळणार हे लिहून घ्यावं का? मी एप्रिलमध्ये परत जाणार, तेव्हा इथलं बँक खातं लगेच बंद केलं तर ते पैसे अडकतील अशी भीती आहे.